न बुजणारं रान

शलाका मेश्रामने आजवर घरं बांधली होती, दोन शाळा बांधल्या होत्या, पण गवळदऱ्यासारखं काम तिच्याकडे कधी आलं नव्हतं. गवळदरा हे चंद्रपूरच्या पलीकडचं लहानसं अभयारण्य. मधोमध तलाव, तलावाला टेकलेले गवताचे उतार आणि वरच्या अंगाला साग, मोह, बांबू. तिथे पर्यटक केंद्र उभारायचं होतं. व्यवस्थापक वैरागडे यांनी पहिल्याच भेटीत अट घातली होती, "इमारत तलावाकाठीच हवी. पण ती तिथं आहे हे रानाला कळता कामा नये."

शलाकाने एक अख्खा उन्हाळा त्या उतारावर काढला. सावल्या कशा सरकतात, पाणी कुठून उतरतं, चितळं कोणत्या वाटेने तलावावर येतात ते पाहिलं. मग तिने इमारत टेकडीच्या पोटात सारली. छप्पर म्हणजे उताराचाच पुढचा भाग, त्यावर तिथलंच गवत. भिंतींना तिथलाच तांबूस दगड. तलावाकडे एकच लांब, बुटकी काच, तीही खाली झुकलेली, म्हणजे तिच्यावर ऊन चमकणार नाही आणि पाखरं येऊन आपटणार नाहीत. नागपूरच्या घरी जेवणाच्या टेबलावर तिने पुठ्ठ्याची प्रतिकृती मांडली तेव्हा तिचा नवरा निरंजन बराच वेळ तिच्याभोवती फिरत राहिला.

निरंजन भोयर प्राण्यांच्या संवेदनांचा अभ्यासक होता. वास, आवाज, कंपनं, हे त्याचं जग.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "पण ही इमारत फक्त माणसाच्या डोळ्यांपासून लपलीय."

"म्हणजे?"

"जनावराला माणूस दिसतो तो सगळ्यात शेवटी. आधी वास येतो, मग आवाज. आपल्या कातडीवरून घामातली आम्लं सतत हवेत जात असतात. हे वास जनावरं पिढ्यानपिढ्या ओळखतात. दिवसाला शेकडो माणसं आत शिरली की तुझी ही इमारत माणसाच्या वासाचं धुराडं होईल. मग तलावाभोवती एक मोठं रिकामं वर्तुळ तयार होईल आणि तुझे पर्यटक काचेतून नुसतं पाणी बघत बसतील."

उपाय त्याच्याच प्रयोगशाळेत होता. सच्छिद्र भाजलेल्या मातीच्या विटांमध्ये जगणारे जिवाणू त्याने वाढवले होते. माणसाच्या घामातली नेमकी तीच आम्लं खाऊन ते जगत. इमारतीतली सगळी हवा अशा विटांच्या भिंतीतून बाहेर सोडली तर तिला फक्त ओल्या मातीचा वास उरतो. आवाजासाठी त्याने वेगळी युक्ती काढली होती. छपराखाली बारीक कंपकं, म्हणजे थरथरून आवाज सोडणाऱ्या चकत्या, बसवायची. बोलण्याची, पावलांची लाट उठली की ती अगदी तिच्या उलटी लाट सोडणार. दोन लाटा एकमेकींना गिळतात आणि बाहेर काही उरत नाही.

इतक्या वर्षांच्या संसारात दोघांचं हे पहिलंच एकत्र काम. शलाकाने भिंती पुन्हा आखल्या. काचेसमोरच्या काठावरही मातकट हवेचा एक पडदा राहील अशी झरोक्यांची रचना केली. त्या वर्षी ते दोघं एकमेकांशी जितकं बोलले तितकं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही बोलले नसतील.

केंद्र सुरू झालं आणि पहिल्याच हिवाळ्यात चितळं काचेला खेटून चरू लागली. माणसं श्वास रोखून बघत. आत मूल रडलं तरी बाहेरच्या पाडसाचा कान हलत नसे. दुसऱ्या वर्षी एका वाघिणीने इमारतीच्या पुढे आलेल्या दगडी सज्ज्याखाली पिल्लं घातली. दोन नर, एक मादी. ती पिल्लं काचेपलीकडच्या माणसांसमोर खेळत मोठी झाली. देशोदेशीचे वास्तुरचनाकार केंद्र पाहायला येऊ लागले. शलाकाला मोठं पारितोषिक मिळालं.

केंद्राचं उपाहारगृह पायथ्याच्या चिचटोल्यातल्या बायका चालवत. त्यांची प्रमुख जैवंताबाई कुमरे. ठेंगणी, तुरुतुरु चालणारी, बोलण्यात रोखठोक. एका दुपारी तिने शलाकासमोर चहा ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली.

"मॅडम, एक इचारू का जी? अस्वलाले काई रोग झाला का?"

"का हो?"

"काल घरी जात होती. वाटेत अस्वल बसून होतं. मी खाकरली. टाळ्या वाजवल्या. आरडली. आमच्याकडं असंच करते, आन् ते हटते. हे हटलंच नाही जी. माह्याकडं पाहत बसून रायलं. मीच वळसा घालून गेली."

शलाका हसली. "आता ओळखीचं झालं असेल तुमच्या."

जैवंताबाई हसली नाही. "रानातल्या जनावराशी कायची ओळख?" असं म्हणून तिने रिकामा कप उचलला.

त्यानंतर काही आठवड्यांनी शलाका एकटीच काठावर उतरली. पाण्यालगतच्या दगडी पाळीला तडा गेल्याचं कोणीतरी सांगितलं होतं. दुपार कलत होती, पर्यटकांची शेवटची गाडी गेली होती. ती उकिडवी बसून टेपने तड्याची लांबी मोजत होती. टेपचं दुसरं टोक अचानक ओढलं गेलं.

तिने मान वर केली. टेपच्या टोकावर एक पंजा होता.

सज्ज्याखाली वाढलेल्या दोन नरांपैकी तो एक होता, आता जवळजवळ पुरा वाढलेला. तो टेपकडे पाहत होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. दात दाखवले नाहीत, गुरगुरला नाही, कान मागे नेले नाहीत. शलाका हळूच उभी राहिली. माणूस उभा राहिला की वाघ दबतो, असं तिने ऐकलं होतं. तो दबला नाही. ती मोठ्याने बोलली, काय बोलली ते तिला नंतर आठवेना. तो एक पाऊल पुढे आला, मग आणखी एक. इतका जवळ, की त्याच्या मिशांना चिकटलेली गवताची काडी तिला दिसली. त्याने मान पुढे काढून तिच्या हाताचा वास घेतला.

आणि तो शिंकला. एक पाऊल मागे सरला, डोकं झटकलं, थबकला.

तेवढ्यात ती मागे मागे चालत दारापाशी पोचली आणि आत शिरली. दार लागलं. काचेपलीकडे तो तिच्या मागोमाग आला, दाराच्या चौकटीला गाल घासला आणि निवांत निघून गेला. शलाका जमिनीवर बसली. वाघ जवळ आला याची भीती होतीच, पण त्याच्या डोळ्यांत तिच्याविषयी काहीच नव्हतं, ही भीती त्याहून मोठी होती. खुर्चीकडे किंवा दगडाकडे पाहावं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं होतं.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. निरंजनने पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "वास घेतल्यावर थबकला? नक्की?"

"हो. पण आधी नाही."

त्याने तिचा तोच हात हातात घेऊन पाहिला. मग म्हणाला, "जनावराच्या डोक्यात रानाचा एक नकाशा असतो. आपल्या नकाशावर चढउतार असतात, त्याच्या नकाशावर भीती असते. इथे धोका, इथे नाही. माणसाचा आकार हा त्या नकाशावरचा सर्वांत मोठा धोका असतो, आणि तो आईकडून शिकायचा असतो. या पिल्लांनी जन्मल्यापासून तो आकार रोज पाहिला, हातभर अंतरावर. त्यातून कधीच काही झालं नाही. नकाशावरची ती जागा कोरी राहिली."

"आणि हे तुला माहीत होतं?"

"त्यांचा ताण कमी झाल्याचं दिसत होतं. विष्ठेतली संप्रेरकं मोजत होतो आम्ही. मला ते चांगलं लक्षण वाटलं. अभयारण्य म्हणतो ना आपण त्याला."

"निरंजन, अभय त्यांना द्यायचं होतं. त्या गावच्या बायका रोज त्या वाटेनं जातात. त्यांना कोणाचं अभय आहे? वाघ आपल्याला भितो म्हणूनच त्या आजवर जिवंत आहेत."

तो उठून खिडकीपाशी गेला.

"यंत्रणा बंद कर," ती म्हणाली. "वास येऊ दे. सगळी पूर्वीसारखी लांब जातील."

"नाही." या वेळी तो घाईघाईने बोलला. "नीट ऐक. वासाची भीती त्याच्यात अजून शिल्लक आहे, म्हणूनच तू परत आलीस. ती शेवटची भिंत आहे. आता भिंतीतून वास सोडलास तर म्हातारी जनावरं जातील. पण तरुण वाघ काय शिकतील? ज्या आकारापासून काही होत नाही, त्याचाच हा वास आहे. म्हणजे वासापासूनही काही होत नाही. ती भिंतही पडेल. आधी पर्यटक बंद करू, वर्षभर इमारत रिकामी ठेवू..."

"वर्षभर? आणि मोहाचा हंगाम महिन्यावर आलाय."

ती त्याचं ऐकत होती, पण तिला ते पटत नव्हतं. यंत्रणा त्याची होती, तिच्यातली उणीव त्याला इतकी वर्षं दिसली नव्हती, आणि आताही तो तीच वाचवतोय, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती एकटी वैरागड्यांकडे गेली. वाघाने आपला हात हुंगला एवढं सांगितल्यावर तिला फार काही बोलावंच लागलं नाही. संध्याकाळच्या आत कंपकं थांबली आणि आतली हवा विटांतून न जाता थेट झरोक्यांतून बाहेर पडू लागली.

आठवड्याभरात चितळं गेली. सांबरं गेली. वाघीणही पोरांना सोडून वरच्या जंगलात निघून गेली. शलाकाने निरंजनला फोन केला. "बघ, गेली सगळी."

"तरुण वाघ?" त्याने विचारलं.

ते तिघं गेले नव्हते. पर्यटक आत येत राहिले, वास बाहेर जात राहिला, आणि ते तिघं सज्ज्याखाली पडून राहिले. पहिले दोन-तीन दिवस त्यांनी नाक मुरडलं, मग तेही सोडून दिलं. तलावावर आता शिकार येत नव्हती.

मार्चअखेरीस मोह गळायला लागला. चिचटोल्याच्या बायका उजाडताच टोपल्या घेऊन झाडांखाली जात. दहाच्या सुमाराला केंद्राच्या आवारात आरडाओरडा ऐकू आला. जैवंताबाई चालत आली होती, अनवाणी. तिच्या लुगड्यावर मोहाची फुलं चिरडून चिकटली होती. तिची थोरली जाऊ भुराबाई गेली होती.

"आम्ही तिघी होतो," ती सांगत होती. तिचा आवाज सपाट होता. "भुराबाई वाकून येचत होती. तो झाडामागून निंगाला. आम्ही आरडलो, टोपल्या आपटल्या. पेटती काडी फेकली पाचोळ्यावर. तो धावला नाही जी. चालत आला. गाय गोठ्यात येते तसा आला. तिले धरलं, आन् तसाच चालत गेला. एकदा बी मागं पाह्यलं नाही त्यानं."

शलाकाने तिचा हात धरला. जैवंताबाईने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

त्या संध्याकाळी निरंजन आला. शलाका गाडीपर्यंत गेली. त्याने आपल्याला काहीतरी बोलावं, दोष द्यावा, असं तिला वाटत होतं.

"तू सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"मी बांधलं होतं," तो म्हणाला.

त्यानंतर कोणाचं चुकलं यावर त्या दोघांमध्ये कधीच बोलणं झालं नाही, आणि हळूहळू इतरही विषय संपले.

भुराबाईला नेणारा नर बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातला गेला. पिंजऱ्याजवळ माणसं गेली की तो उठून गजांपाशी येई आणि गाल घासू लागे. दुसरा नर त्याच गडबडीत नाहीसा झाला. वयात आलेले नर स्वतःचा मुलूख शोधायला निघतातच, कधी कधी शेकडो किलोमीटर जातात. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. उरली होती ती बहीण. आणि अस्वलं होती, रानडुकरं होती, ज्यांची पिल्लं त्याच काचेसमोर वाढली होती.

"भीती शिकवावी लागेल," निरंजनने वैरागड्यांना सांगितलं. "आणि ती इथेच शिकवावी लागेल, कारण न भिणं ही जनावरं इथेच शिकलीत. माणसाचा आकार, वास आणि आवाज, तिन्ही एकत्र, आणि दर वेळी त्यांच्याबरोबर वेदना. एकदाही चुकता कामा नये. एकदा जरी काही झालं नाही तर सगळं पुसलं जाईल."

केंद्र बंद झालं. ज्या इमारतीवर शलाकाने एक सरळ रेष दिसू दिली नव्हती तिच्या छपरावर तिने स्वतः माणसांचा आरडाओरडा घुमवणारे भोंगे बसवले. झरोक्यांतून मिरचीचा धूर सुटेल अशा नळ्या टाकल्या. रबरी गोळ्यांसाठी दगडी भिंतीत फटी पाडल्या. पाथरवट छिन्नी मारत असताना ती तिथे उभी राहिली नाही.

वास पुरेसा हवा होता. जैवंताबाईने गावात निरोप फिरवला. बायकापुरुषांनी अंगावरचे, घामाचे, न धुतलेले कपडे आणून दिले. शलाका आणि ती, दोघींनी मिळून ते भिंतीवर, काचेवर, सज्ज्याच्या कडेला बांधले. लुगडी, बंड्या, टॉवेल. शेवटी जैवंताबाईने पिशवीतून एक निळं लुगडं काढलं.

"भुराबाईचं हाय," ती म्हणाली. "धुतलं नव्हतं अजून. हा वास तं त्याईले चांगलाच ठाऊक असन. याच्यापासूनच भ्यायला शिकवा."

शलाकाला ते हातात घेववेना. जैवंताबाईने स्वतःच ते काचेच्या मधोमध बांधलं.

तरुण वाघीण दुसऱ्या दिवशी दुपारी आली. रोजच्यासारखी, सावकाश. तिने कपडे हुंगले. मग दाराच्या चौकटीपाशी येऊन तिने डोळे मिटून गाल टेकवला. शलाका आतल्या बाजूला, काचेला चिकटून उभी होती, म्हणजे तिचा आकार दिसावा. बटण तिच्या हातात होतं. तिने ते दाबलं.

भोंग्यांनी काच थरारली. धुराचा लोट सुटला, फटींतून गोळ्या झडल्या. वाघीण जागच्या जागी उडाली, आपटली, उठली आणि उतारावरून पळत सुटली. तिचा ओरडा भोंग्यांतूनही ऐकू आला. शलाका दाराशी बसून रडली. निरंजन मागे यंत्रांपाशी उभा होता. तो पुढे आला नाही.

वाघीण पुन्हा आली. सगळ्यात भयंकर हेच होतं. ती पुन्हा पुन्हा येत राहिली, कारण तिच्या जन्माच्या जागेने तिला कधी दुखवलं नव्हतं आणि आता का दुखवतंय हे तिला कळत नव्हतं. दर वेळी ती थोडी लांबूनच थांबे, मान वाकडी करून काचेतल्या आकृतीकडे पाही. दर वेळी शलाकाने बटण दाबलं. वैरागडे म्हणाले, "मॅडम, हे काम दुसरं कोणीतरी करेल." तिने नकार दिला. पावसाळा लागला, गवत वाढलं, काचेवरचे कपडे भिजले की गावातून नवे येत.

पावसाळा सरता सरता एका सकाळी जैवंताबाई केंद्रावर आली. पुष्कळ दिवसांनी तिने स्वतः चहा केला आणि दोघींसाठी ओतला.

"हटली जी," ती म्हणाली. "नाल्यापाशी समोर आली. मले पाह्यलं आन् असं काही भेली, पोट जमिनीले लागलं तिचं. पळाली. मुतली बी पळता पळता."

शलाकाने चहाचा कप खाली ठेवला.

"चांगलं झालं," जैवंताबाई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "चांगलंच झालं म्हना लागन."

काचेसमोरचा उतार आता दिवसभर रिकामा असे. शलाका छपरावर गेली तरी पलीकडच्या काठावरून भेकराचा भेदरलेला ओरडा येई आणि गवतातून काहीतरी धडपडत पळे.

निरंजन मात्र गवळदऱ्यात राहिला नाही. निसटलेल्या नराच्या शोधात तो जीप घेऊन निघाला होता. त्याला पकडल्याशिवाय हे संपत नाही, एवढंच तो म्हणाला होता. त्याचे फोन येत, दर वेळी वेगळ्या गावाहून. वर्धा नदीच्या काठावर पंज्यांचे ठसे मिळाले. एका रस्त्यावर बसच्या प्रवाशांनी वाघ पुलावर बसलेला पाहिला. चालकाने हॉर्न वाजवला तर तो उठून बसजवळ आला, टायर हुंगले आणि पुन्हा बसला. लोकांनी उतरून फोटो काढले. शेवटचा फोन दिवाळीच्या आसपासचा.

"यवतमाळच्या बाजूला गेलाय. नदी ओलांडल्याच्या खुणा आहेत. पुढे सगळी शेतं आहेत, शलाका. माग लागत नाही."

"मी येऊ?"

"येऊन काय करशील?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

तरी ती निघाली. वणीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. एका शेतात बायका वेचणी करत होत्या. कमरेला ओटी बांधून, वाकून, ओळीने पुढे सरकत. कापसाच्या ओळींमधून पुरुषभर वाढलेली तूर होती, दाट, पिवळ्या फुलांची. वारा नसताना तिचं एक टोक हलल्यासारखं शलाकाला वाटलं.

तिने गाडी थांबवली आणि ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गेली. "बाई, इकडे वाघ आलाय म्हणतात," तिने जवळच्या म्हातारीला सांगितलं. "सगळ्या एकत्र राहा. वाकून वेचू नका."

बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. "वाकल्याबिगर कापूस कसा येचायचा?" म्हातारी म्हणाली. "आन् इथं वाघ? माणसाची एवढी वर्दळ, बोलणं-चालणं. आमचा आवाज ऐकूनच पळन तो."

बायका पुन्हा वाकल्या. शलाका धुऱ्यावरच उभी राहिली. ऊन चढलं, तिच्या गाडीला वळसा घालून ट्रॅक्टर गेले, फोन दोनदा वाजला. ती तुरीकडे पाहत होती. एक फांदी हलली की तिचा श्वास अडके, मग साळुंकी उडून जाई, आणि काही वेळाने दुसरीकडे दुसरी फांदी हले.

दुपारची भाकर खायला बायका बांधाशी बसल्या तेव्हा म्हातारीने तिला हाक मारली. "या ना बाई, दोन घास खा. कवाच्या उभ्या हात. कोनाची वाट पाहता?"

"कोणाची नाही," शलाका म्हणाली. तिने तुरीवरून नजर काढली नाही. "तुम्ही जेवा. मी आहे इथे."